कार्रिलेत आणि बार्शी लाइट

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. "काय हो, सायकल गंजली की लेखणी?" असं परवा एका लग्नात चुलतभावाने विचारलं, तेव्हा लाज वाटली. दोन्ही शाबूत आहेत. फक्त ऑक्टोबर २०२३ मध्ये जे पाहून आलो, ते कसं सांगावं हे कळत नव्हतं. प्रवासवर्णन म्हणून सुरुवात केली की त्यात दादा येत होते, आणि दादांबद्दल लिहायला घेतलं की मध्येच स्पेनमधली एक बंद पडलेली आगगाडी शिरत होती. शेवटी ठरवलं, दोघांनाही एकाच डब्यात बसवावं.

आमच्या नातेवाईकांना हे ठाऊक आहेच, पण इतर मंडळींसाठी सांगतो. माझे आजोबा बार्शी लाइट रेल्वेत गँगमन होते, कंपनीच्या काळात. वडील, म्हणजे दादा, त्याच रेल्वेवर गार्ड म्हणून निवृत्त झाले. मी मात्र बँकेत चिकटलो. आमच्या घरात कुणी जेवताना रेंगाळलं की आजी म्हणायची, "उरक की, बार्शी लाइट झालंय नुसतं!" ज्या गाडीवर घर चाललं तिचीच ही थट्टा, आणि दादाही त्यात हसायचे.

तर मुलगा बार्सिलोनात नोकरीला आहे. त्याच्याकडे दोन महिने राहिलो. पन्नाशीनंतर सायकलचं वेड लागलेला बाप घरात बसून काय करणार, म्हणून त्याने एका शनिवार-रविवारची सहल ठरवली. "बाबा, एकही गाडी आडवी येणार नाही असा रस्ता आहे. सत्तावन्न किलोमीटर. आणि दोन्ही बाजूंना ज्वालामुखी." ज्वालामुखी म्हटल्यावर हिने डोळे मोठे केले. "झोपलेले आहेत गं, दहा हजार वर्षांहून जास्त झाली," असं त्याने आईला सांगितलं. ती तरी आलीच नाही.

कॅटलोनियाच्या ईशान्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी गारोचा नावाचा मुलूख आहे. ओलोत हे त्याचं मुख्य गाव. गावात शिरल्यावर आधी लक्षात येत नाही, पण भोवतालच्या टेकड्या जरा जास्तच गोल आहेत. हे सगळे ज्वालामुखींचे शंकू. या भागात असे चाळीसेक आहेत, आणि त्यातले काही तर चक्क ओलोत गावाच्या हद्दीत. मोन्तसाकोपा नावाच्या एकावर लोक संध्याकाळचे पाय मोकळे करायला जातात, आपण पर्वतीवर जातो तसे. वर गेलं की माथ्यावर गवताळ वाटी, तिच्या कडेने वाट आणि एक छोटं देऊळ.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला काळ्या दगडाचं काय कौतुक! आपण जन्मलोच त्यावर. आपल्या दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीतल्या भेगांमधून थरावर थर वाहत आलेला. त्यामुळे आपल्याकडे डोंगर आहेत, पण ज्वालामुखीचं तोंड असं दाखवता येत नाही. गारोचातला दगड तोच, बेसॉल्ट, पण वयाने अगदीच पोर. सगळ्यात जुने उद्रेक काही लाख वर्षांपूर्वीचे आणि शेवटचे दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वीचे. म्हणून तिथे शंकूही दिसतात, त्यांची तोंडंही दिसतात आणि लाव्हा कुठवर वाहत गेला तेही दिसतं. आपल्या थकल्या आजोबांचा तरुणपणीचा फोटो अचानक हाती लागावा, तसं काहीसं मला झालं.

पहिल्या दिवशी आम्ही क्रोसकात पाहिला. हा एकशे साठ मीटर उंचीचा शंकू, आणि त्याच्या एका अंगाला कलिंगडाची फोड काढावी तसा चिरा गेलेला. ही करणी निसर्गाची नव्हे, माणसाची. त्यातले हलके, सच्छिद्र खडे बांधकामाला चांगले, म्हणून अनेक वर्षं खाणवाले डोंगर पोखरत होते. १९७० च्या दशकात स्थानिक लोक याविरुद्ध उभे राहिले. तो काळ म्हणजे फ्रँकोच्या हुकूमशाहीचा शेवट, बोलायची नुकतीच मुभा मिळू लागलेली, आणि लोकांनी पहिल्यांदा ज्या गोष्टींबद्दल तोंड उघडलं त्यात हे डोंगर होते. १९८२ मध्ये कॅटलोनियाच्या विधिमंडळाने कायदा करून हा भाग संरक्षित केला. त्यानंतरही काही वर्षं खोदकाम चालूच राहिलं. शेवटी थांबलं, तेव्हा प्रश्न आला की या जखमेचं करायचं काय. त्यांनी ती पूर्ण बुजवली नाही. आज तिथे उभं राहिलं की शंभरेक मीटर उंचीची भिंत समोर असते, काळ्या, तांबूस, करड्या थरांची, आणि ज्वालामुखी आतून कसा असतो ते शाळेतल्या पोरालाही कळतं. खाणवाल्याने केलेलं नुकसान असं शिकवायला लावलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

क्रोसकातचा लाव्हा जिथे पसरला त्यावर बीचचं जंगल आहे, फाजेदा द'एन जोर्दा. जमीन सगळी उंचसखल, लाव्हाचे उंचवटे वीस-वीस मीटरपर्यंतचे. पाऊस पडतो पण एक ओढा नाही, पाणी सगळं खडकात मुरतं. त्या जंगलाच्या मधोमध एक दह्याचा कारखाना आहे! मानसिक आजार असलेल्या लोकांना खरं काम मिळावं म्हणून एका मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये ही सहकारी संस्था काढली. गृहस्थांचं नाव क्रिस्तोबाल कोलोन, म्हणजे स्पॅनिशमध्ये चक्क ख्रिस्तोफर कोलंबस. दही उत्तम आहे. वारणानगरच्या माणसांनी जाऊन बघावं.

असो. भरकटलो. गाडीकडे येतो.

रविवारी सकाळी ओलोतच्या जुन्या स्टेशनाच्या बाजूने निघालो. मुलाने सायकली भाड्याने घेतल्या होत्या. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक पहिल्याच वळणावर कुरकुरायला लागला, पण ते सोडा. वाट दोन-अडीच मीटर रुंद, बारीक खडी दाबून बसवलेली. ओलोतहून लेस प्रेसेस, तिथून बास खोऱ्याच्या सपाट शेतांमधून सांत एस्तेवे, मग हळूहळू चढ सुरू. आणि इथे मला ते जाणवलं. चढ आहे हे पायांना कळतं, पण डोळ्यांना दिसत नाही. कुठेही खच्चून पॅडल मारावं लागत नाही, कुठेही वळण काटकोनात नाही. डोंगर आला की वाट त्याच्या कडेकडेने जाते, घळ आली की भराव टाकलेला, उंचवटा आला की मधोमध कापलेला. मी सायकलवरून उतरलो. मुलगा म्हणाला, "दमलात?" म्हटलं, "नाही रे. हे आखणीचं काम माझ्या ओळखीचं आहे."

ही वाट म्हणजे ओलोत ते जिरोना या नॅरोगेज रेल्वेचा मार्ग. स्थानिक भाषेत कार्रिलेत, म्हणजे छोटी रेल्वे. रूळ ७५० मिलिमीटर. आपल्या बार्शी लाइटचे अडीच फूट, म्हणजे ७६२. फरक बारा मिलिमीटरचा, करंगळीएवढासुद्धा नाही.

आता जरा तारखा जुळवून बघा. हाच मला खरा चटका लावणारा भाग वाटला.

कार्रिलेत बांधणारी कंपनी इंग्रज होती, ओलोत अँड जिरोना रेल्वे कंपनी लिमिटेड. बार्शी लाइट रेल्वे कंपनीही इंग्रजच, १८९५ मध्ये लंडनला स्थापन झालेली. त्याच १८९५ मध्ये कार्रिलेतचा पहिला टप्पा, साल्त ते आमेर, सुरू झाला. बार्शी लाइटची पहिली गाडी बार्शी रोडहून, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीहून, बार्शीला धावली १८९७ मध्ये. कार्रिलेत जिरोनाला जोडली गेली १८९८ मध्ये. मग दोघीही पैशांच्या चणचणीत, तुकड्या-तुकड्याने पुढे सरकल्या. बार्शी लाइट १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. कार्रिलेत ओलोतला पोचली तीही १९११ मध्येच. पंचावन्न किलोमीटरला सोळा वर्षं! आमची पुढे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली, त्यांची ओलोतच्या पुढे कधीच गेली नाही.

नॅरोगेजच का, याचं उत्तर दोन्हीकडे एकच. गाव महत्त्वाचं, पण मुख्य रेल्वेपासून दूर. मालाची गरज मोठी, पण मोठी रेल्वे बांधण्याइतके पैसे कुणाकडे नाहीत. बार्शीला कापसाची पेठ होती आणि पंढरपूरला विठोबा. तिकडे तेर नदीच्या काठाने सूतगिरण्या होत्या, बोनमाती, आंग्लेस या गावांत, आणि टोकाला ओलोत, कारागिरांचं गाव. या ओलोतची एक गंमत सांगायलाच हवी. अठराव्या शतकात तिथे छापील सुती कापड तयार व्हायचं, त्याला ते 'इंदियानेस' म्हणत, म्हणजे हिंदुस्थानी. आपल्याकडच्या चिटांची नक्कल! त्या कापडावरच्या नक्षीसाठी चित्र काढणारे हात हवेत म्हणून १७८३ मध्ये गावात चित्रकलेची शाळा निघाली. कापडाचा धंदा पुढे बसला, शाळा राहिली. त्या शाळेच्या परंपरेतून निसर्गचित्रकारांची एक पिढी तयार झाली आणि १८८० मध्ये तिथल्याच चित्रकारांनी संतांच्या मूर्ती बनवण्याचा कारखाना काढला. पुढे असे अनेक कारखाने झाले आणि ओलोतच्या मूर्ती दूरदूरच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या. कार्रिलेतच्या डब्यातून गवतात गुंडाळलेले किती संत गेले असतील, याचा विचार करत मी चढ संपवला. आमच्याकडे देवाकडे माणसं जायची, त्यांच्याकडे देवच गाडीत बसून माणसांकडे निघायचे.

चढाचा माथा म्हणजे कोल द'एन बास, सुमारे ६२० मीटर. तिथून जिरोनापर्यंत जवळजवळ सगळा उतार. साडेपाचशे मीटर खाली उतरायचं, पण चाळीसेक किलोमीटरमध्ये; तेव्हा आरामात. सांत फेलिउ दे पायेरोल्स, लेस प्लानेस, आमेर अशी गावं. ब्रुजेंत नदी सोबतीला. नदीला पाणी अगदी कमी होतं, २०२१ पासून त्या भागात दुष्काळ चालू होता. जंगल हिरवं आणि पात्र कोरडं, हे दृश्य आपल्याला चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे दुष्काळ आधी डोंगरावर दिसतो.

या गाडीबद्दल तिथे एक म्हण आहे. मन मानेल तेव्हा निघते आणि जमेल तेव्हा पोचते, अशा अर्थाची. मुलाने मला ती समजावली तेव्हा मी आजीची आठवण काढून इतका हसलो की समोरून येणारी एक बाई थांबून बघायला लागली. दोन खंडांत, दोन भाषांत, बारा मिलिमीटरच्या फरकाने तीच थट्टा!

आता बार्शी लाइट बांधणाऱ्या माणसाबद्दल थोडं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेत नोकरीला आला. त्याच्या डोक्यात एकच ध्यास, की छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची गरीब नक्कल नव्हे, तिचं स्वतंत्र शास्त्र असतं. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, सगळीकडे सारखा. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि तरीही माल भरपूर वाहता येतो. आजोबांच्या गँगने ज्या रुळांवर हातोडे मारले ते या हिशोबाने टाकलेले होते. हा माणूस अरबी घोडे पाळायचा आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं होतं, त्याचं नाव 'गार्डियन एंजल'. आगगाडी, घोडा आणि पॅराशूट! आजकालच्या बायोडेटात हे कुठल्या रकान्यात बसवणार?

त्याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात, अडीच फुटीच एक रेल्वे बांधली. लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ मध्ये सुरू, १९३४ मध्ये बंद. तीस वर्षांचं आयुष्य. आणि रूळ काढल्यावर तिचं काय झालं? १९३७ मध्ये तिची पायवाट झाली, आणि आज तिच्यावर लोक सायकली चालवतात. जुन्या रेल्वेमार्गाची अशी वाट करण्याचं ब्रिटनमधलं ते अगदी सुरुवातीचं उदाहरण. म्हणजे बार्शी लाइटची धाकटी बहीण वाट होऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली.

स्पेनने हे काम उशिरा पण मोठ्या प्रमाणावर केलं. तिथे सात हजारांहून अधिक किलोमीटरचे रेल्वेमार्ग बंद पडलेले किंवा अर्धवट सोडलेले होते. १९९३ पासून त्यांच्या 'विया वेर्दे', म्हणजे हिरव्या वाटा, करायला सुरुवात झाली. आता अशा तीन हजार किलोमीटरच्या वर वाटा आहेत. स्टेशनांची खाणावळ, सायकलींचं दुकान, माहिती केंद्र असं काहीबाही झालंय. कार्रिलेतच्या वाटेला जिरोनाला आणखी एक अशीच वाट मिळते, तीही जुन्या नॅरोगेजची, ती थेट समुद्राला जाते. म्हणजे ज्वालामुखीपासून भूमध्य समुद्रापर्यंत जवळजवळ शंभर किलोमीटर, बहुतेक ठिकाणी मोटारीचा हॉर्न न ऐकता. पुण्यात विद्यापीठ चौक सायकलने ओलांडणाऱ्या माणसाला यापुढे स्वर्गाचं आमिष दाखवू नये.

दुपारी लेस प्लानेसला थांबलो. पांढऱ्या बारीक शेंगदाण्याएवढ्या वालासारख्या बिया असतात तिथे, सांता पाऊ गावच्या, ज्वालामुखीच्या मातीतल्या म्हणून प्रसिद्ध. सॉसेज बाजूला ठेवून नुसती ती उसळ मागितली. वरून ऑलिव्ह तेल. फोडणी असती तर जीव ओवाळून टाकला असता.

तिथेच बाकावर एक म्हातारबुवा बसले होते, ऐंशीच्या पुढचे. मुलगा त्यांच्याशी कॅटलान बोलायला लागल्यावर खुलले. मी भारतातून आलोय, माझे वडील अशाच गाडीवर गार्ड होते, हे त्याने सांगितलं. मला वाटलं, आता हे आठवणींचा पेटारा उघडतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि जे म्हणाले ते मुलाने मला असं सांगितलं: "वाट छान आहे. नातवंडं येतात, फिरतात. पण ओलोतला आज रेल्वे नाही. एवढं मोठं गाव, आणि रेल्वे नाही. मी या वयात जिरोनाच्या दवाखान्यात काय सायकलवर जाऊ?"

मी काय बोलणार? खरंच होतं ते. १९३६ ते ३९ चं यादवी युद्ध या गाडीने काढलं. जानेवारी-फेब्रुवारी १९३९ मध्ये फ्रँकोच्या फौजा पुढे सरकल्या तेव्हा कॅटलोनियातून चार-साडेचार लाख माणसं फ्रान्सच्या हद्दीकडे पळाली, त्यातली कित्येक याच मुलखातून गेली. ऑक्टोबर १९४० च्या महापुराने ही खोरी झोडपून काढली. त्यानंतरची उपासमारीची वर्षं. या सगळ्यातून गाडी टिकली. मग रस्ते सुधारले, ट्रक आले, बस आल्या आणि जुलै १९६९ मध्ये ती बंद झाली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं मार्गावर झुडपं माजली होती. ज्याला मी निवांतपणा म्हणून हजारो मैलांवरून अनुभवायला गेलो होतो, तो मुळात एक तोटा होता. कुणाची तरी गाडी गेली होती, म्हणून तिथे गाड्या नव्हत्या.

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो.

आमच्या नॅरोगेजचं रुंदीकरण या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने झालं. तेव्हा मी कॅमेरा घेऊन दोन वेळा गेलो होतो, शेवटच्या गाड्यांचे फोटो काढायला. कुर्डुवाडीला, आणि नंतर पंढरपूरला. दादांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "मला काय बघायचंय त्यात?" मला ते अतिशय कोरडेपणाचं वाटलं. आयुष्य ज्या गाडीवर काढलं तिला निरोप द्यायला येत नाही म्हणजे काय! मी त्यांना बरंच बोललो. इतिहासाची जाण नाही, वारसा कळत नाही, इंग्लंडमध्ये असतं तर या गाडीचं म्युझियम झालं असतं, वगैरे. दादा ऐकून घेत राहिले. मग उठून मोरीत हातपाय धुवायला गेले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पंधरा वर्षं.

त्या संध्याकाळी जिरोनाला पोचल्यावर, तेर नदीच्या पुलाजवळ बसून मी बार्शीला फोन लावला. दादा ८६ वर्षांचे, धाकट्या भावाकडे असतात. ऐकायला कमी येतं, पण फोनवर मोठ्याने बोललं की चालतं. मी सगळं सांगितलं. रूळ किती रुंदीचे, माथा किती उंच, १९११ चा योगायोग.

"चढ किती म्हणालास?"

"दादा, सगळ्या मार्गाचा सरासरी काढला तर फारच कमी. ओलोतकडून माथ्यापर्यंत जरा जास्त. पण आपल्या येडशीच्या रामलिंग घाटाची आठवण झाली."

"हां. तिथं पावसाळ्यात चाकं घसरायची. वाळू टाकायला लागायची." जरा थांबून, "आता त्याच्यावर सायकली चालवतात म्हणतोस?"

"हो ना. आपल्याकडेही करायला हवं होतं."

आणि तेव्हा दादा हसले. "अरे, आपली गाडी मेली नाही. मोठी झाली. त्यांची मेली, म्हणून त्यांनी सायकली घातल्या तिच्यावर. आपल्याकडं त्याच वाटेनं बऱ्याच ठिकाणी मोठी गाडी जाते. धाराशिवाला कधी रेल्वे नव्हती, तिथं गेली. तू काय रडतोस?"

बाकावरच्या आजोबांनी जे सांगितलं होतं तेच, फक्त उलट्या बाजूने.

मी गप्प राहिलो. मग दादांनी ते सांगितलं, जे मी कधी विचारलंच नव्हतं. आषाढीला पंढरपूरची गाडी भरून टपावर माणसं बसायची हे आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, फोटोतही पाहिलंय. मला ते फोटो फार आवडतात, एक माझ्या घरात लावलेलाही आहे. दादा म्हणाले, "गार्डाच्या डब्यातून टप दिसत नाही. स्टेशनावर खाली उतरवायचं त्यांना, शिट्टी झाली की परत चढायचे. किती चढले, किती उतरले, कोण मोजणार? एका वर्षी मोडनिंबच्या पुढं रात्री गाडी थांबवून कंदील घेऊन मागं चालत गेलो होतो, कुणीतरी ओरडलं म्हणून. दीड-दोन मैल."

"सापडलं कुणी?"

"एक बाई होती. वारीतली. तुळस डोक्यावर घेतलेली असते तसली." पुढे बोलले नाहीत.

थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून आलो नव्हतो तुझ्याबरोबर फोटोला. मोठी गाडी आली ते बरंच झालं म्हणून मी आपला घरात बसलो होतो."

नदीपलीकडे कॅथेड्रलचे दिवे लागले होते. मुलगा भाड्याच्या सायकली परत करून येईपर्यंत अर्धा तास लागला, त्या अर्ध्या तासात मी काही केलं नाही. घरातला तो फोटो काढावा की ठेवावा, हे अजून ठरत नाहीये. हिचं म्हणणं, ठेवा, पण खाली दादांचं नाव आणि मोडनिंब लिहा.

फोन ठेवताना दादांनी विचारलं होतं, "तिकडची माणसं बसायची का रे टपावर?"

मला माहीत नव्हतं. मुलाला सांगून ठेवलंय, लेस प्लानेसला पुन्हा गेलास आणि ते आजोबा बाकावर दिसले, तर एवढं विचार.